‘देवी’ची चळवळ आणि मद्यत्यागाचा मानसिक पक्ष

मद्यनिषेधाचा इतिहास बहुधा कायदे, परवाने आणि महसूल यांच्या आधारे लिहिला जातो. दारू सोडणाऱ्या माणसाच्या मनात उठणारी भीती, लाज, शोक व एकाकीपणा यांची नोंद अबकारीच्या दप्तरात होत नाही. तथापि नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ-सुरगाण्याच्या डोंगरी मुलखात १९२२ साली आलेल्या ‘देवी’च्या लाटेचा विचार करताना ही बाजू डावलता येत नाही.

ह्या मुलखातील कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी जमातींच्या जीवनात मोहाची दारू ही निव्वळ व्यसनाची वस्तू नव्हती. देवापुढे प्रथम तिची धार धरावयाची. लग्नात, पाहुणचारात आणि मर्तिकात ती वाटावयाची, अशी रीत होती. शोक व्यक्त करण्याचा आणि संकोच मोडण्याचा तो एक समाजमान्य मार्ग होता. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरगुती गाळपावर बंदी आली. मोहाचे झाड शिवारातच राहिले. दारू मात्र परवानेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागू लागली. हा परवानेदार पुष्कळदा सावकार किंवा जमीनदारही असे. अशा रीतीने सणाचे पेय कर्जाचे कारण बनले.

देवीच्या लाटेचा उगम किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत, देवीच्या रोगाच्या शांतिविधीतून झाला. गावोगाव सरकत ती घाट चढून नाशिक जिल्ह्यात, डांगात व खानदेशात पसरली आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरत जिल्ह्यात पोचली. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे जे वर्णन केले आहे, ते मुख्यतः सुरतेकडील आहे. मांडवाखाली शेकडो माणसे जमत. काहींच्या अंगात येई. घुमता घुमता ते देवीच्या आज्ञा सांगत. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी वर्ज्य करा, रोज स्नान करा, पारशी दुकानदाराशी संबंध ठेवू नका, अशा त्या आज्ञा होत. आज्ञा मोडणाऱ्यावर अरिष्ट कोसळेल, ही भीतीही त्यांत होती. शेवटी देवीला निरोप देऊन सहभोजन होई.

ह्या विधीचा मानसिक अर्थ लावावयाचा झाल्यास तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, दारू सोडताना होणारी तगमग येथे दडपली जात नव्हती; घुमण्याच्या रूपाने तिला सर्वांसमक्ष वाट मिळत होती. दुसरी, पेला नाकारणे हा यजमानाचा अपमान राहिला नाही; गावच बद्ध झाल्याने एकट्याची लाज नाहीशी झाली. तिसरी, जे पूर्वी दारूभोवती घडत असे, ते एकत्र बसणे व जेवणे दारूवाचून शक्य आहे, असा प्रत्यय आला.

परंतु देवी जशी आली तशी गेलीही. त्यानंतर घरात मृत्यू झाला, लग्न ठरले किंवा पीक बुडाले, म्हणजे जुन्या रीतीची आठवण होणे स्वाभाविक होते. सुरतेकडे पुढे वर्जेला व सर्जेला, म्हणजे वर्ज्य करणारे आणि पुन्हा जुन्या रीतीकडे वळलेले, असे दोन तट पडले. पुन्हा पिऊ लागलेल्यांना निश्चयाचे दुबळे ठरविणे सोपे आहे. मात्र लाटेने निश्चय दिला, तरी नित्याच्या दुःखासाठी कायमची रीत दिली नाही, हे येथे विसरता कामा नये.

मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यान्वये दारूबंदी आली, तेव्हा दुकाने बंद झाली; ज्या कारणांसाठी माणूस दुकानाकडे वळत होता, ती कारणे कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. पुढे १९८६ साली पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी स्थापिलेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनी माणसाला समदुःखी लोकांत बसून बोलते करण्यावर आणि उपचारानंतरही संबंध टिकविण्यावर भर देण्यात आला. मांडव आणि उपचारकेंद्र यांच्या विचारसरणीत मोठे अंतर आहे. एकाचा आधार दैवी भय, तर दुसऱ्याचा वैद्यक व स्नेह. तरीही वेदना चारचौघांत व्यक्त व्हावी, हे तत्त्व दोहोंस समान आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील निरक्षर गावांनी ते १९२२ सालीच आचरून पाहिले होते. मद्यनिषेधाचे यशापयश केवळ बंद दुकानांच्या संख्येवर मोजणाऱ्या अभ्यासकाने त्या मांडवाकडेही पाहणे आवश्यक आहे.