ताप दबला होता

इथल्या धावपटूला नाव नाही, कारण तो कल्पनेतला आहे. त्याच्या शरीरात तासातासाला जे घडतं ते मात्र वैद्यकशास्त्राच्या चांगल्या ओळखीचं आहे. वय ४१, चार महिन्यांचा सराव, जानेवारीतला तिसरा रविवार आणि मुंबई मॅरेथॉनमधली २१.०९७ किलोमीटरची शर्यत.

शुक्रवार, रात्री ९:४० (३४ तास बाकी)

बीकेसीतून बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घेऊन तो घरी येतो तेव्हा अंग मोडून आलेलं असतं. थर्मामीटर १०१.२ फॅरेनहाइट दाखवतो. बायको म्हणते, "या वर्षी राहू दे ना रे. पुढच्या जानेवारीत आहेच की." तो म्हणतो, "मध्ये अख्खा दिवस आहे. झोपलो की उतरेल."

धावणाऱ्यांमध्ये एक साधा नियम चालतो. त्रास गळ्याच्या वर असेल, नाक गळत असेल, शिंका येत असतील, तर हलकं धावायला हरकत नाही. गळ्याच्या खाली काही असेल, छाती भरली असेल, अंग दुखत असेल, ताप असेल, तर घरी बसायचं. हा नियम त्याला पाठ आहे. ग्रुपमधल्या नवख्यांना तोच तर सांगत असतो.

शनिवार, सकाळी ६:४० (२५ तास बाकी)

मनगटावरचं घड्याळ सांगतं, रात्रभर नाडी ६९ होती. एरवी ५४ असते. ताप एक अंश सेल्सियसने चढला की ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. म्हणजे काहीही न करता पडून असतानाही हृदय जादा काम करतंय. कधीकधी विषाणू थेट हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो आणि तिथे सूज धरते. स्वीडनमध्ये १९७९ ते १९९२ या काळात ओरिएंटियरिंगचे, म्हणजे नकाशा हातात घेऊन रानातून धावण्याच्या शर्यतीचे, १६ तरुण खेळाडू अचानक गेले. त्यांतल्या अनेकांच्या हृदयाला अशीच सूज होती. धावण्यात कसलेली, तिशी-पस्तिशीच्या आतली माणसं. चांगला सराव असलेल्याला काही होत नाही, हा समज मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटतो.

शनिवार, दुपार

ताप ९९. दर सहा तासांनी गोळी चालू आहे, म्हणून ९९. बिबचा फोटो व्हॉट्सॲपवर गेलाय आणि पन्नास जणांनी "ऑल द बेस्ट" म्हटलंय. आता माघार घ्यायची तर पन्नास जणांना कळवावं लागेल.

रविवार, पहाटे ३:१० (साडेचार तास बाकी)

पॅरासिटामॉल ६५०. वर सर्दीची एक गोळी. तिच्यातही पॅरासिटामॉल आहे हे तो वाचत नाही. शिवाय त्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन घाम कमी करू शकतं आणि फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. पाय दुखू नयेत म्हणून एक आयबुप्रोफेन. त्याने मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. धावताना खर्च होणाऱ्या शक्तीचा जेमतेम पाव भाग पाय पुढे नेतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर काढायला शरीर कातडीकडे रक्त पाठवतं आणि घाम गाळतं. निघण्याआधीच त्याने या दोन्ही वाटा चिंचोळ्या करून ठेवल्यात.

कपाळाला हात लावून बायको म्हणते, "गार आहे." तेही खरंच असतं.

पहाटे ५:२०, माहीम रेती बंदर

त्याला मस्त वाटतंय. ढोल, गर्दी, सी-लिंकवरचा वारा. ठरवलेला पेस किलोमीटरला सहा मिनिटं दहा सेकंद. नाडी पहिल्याच किलोमीटरला १६८. तो घड्याळाची पट्टी सैल आहे का ते बघतो.

सकाळी ६:२० (८० मिनिटं बाकी)

वरळी. कपडे चिंब झालेत. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. दोन तास अठ्ठावीस मिनिटांत शर्यत पुरी करून देणाऱ्या पेसरने त्याला मागे टाकलंय. इथे रुग्णवाहिका उभी आहे, स्वयंसेवक आहेत, थांबून बसायला खुर्ची आहे. ही शेवटची जागा जिथे तो स्वतःहून थांबू शकतो. "चढ झाला की पुढे उतारच आहे," असं म्हणून तो निघतो.

सकाळी ७:०० (४० मिनिटं बाकी)

पेडर रोडचा चढ. एक मुलगी फोडी पुढे करते, "काका, संत्रं घ्या!" तो तिच्याकडे बघतो, हात पुढे करत नाही. अंगावर शहारे आलेत. उन्हाचा पत्ता नसताना आतला पारा १०४ च्या पुढे गेलाय, आणि आता मेंदूही त्या उष्णतेत सापडलाय. थांबावं की धावावं हे ज्याने ठरवायचं, तोच गोंधळलाय. शुक्रवारी रात्री त्याचं डोकं ठिकाणावर होतं. निर्णय तेव्हाच घेता येत होता.

सकाळी ७:४०, मरिन ड्राइव्ह

तो शर्यतीची वाट सोडून कठड्याकडे वळतो. कुणीतरी विचारतं, "पायात गोळा आला का?" तो काहीतरी बोलतो, शब्द लागत नाहीत. मग गुडघे मुडपतात. भोवतीची भली माणसं पाणी पाजायला बघतात, पोटऱ्या चोळतात. पंचवीस मिनिटं जातात.

सकाळी ८:०५

वैद्यकीय पथक गुदमार्गातून तापमान घेतं, कारण उष्माघातात कपाळावरचा आकडा फसवतो. १०७. बर्फाच्या पाण्याचा टब. आधी थंड करायचं, मग रुग्णालयात हलवायचं, हा इथला नियम. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पारा १०२ च्या आसपास आणला तर जवळजवळ सगळे वाचतात. अमेरिकेतल्या फॅलमथच्या ऑगस्टमधल्या शर्यतीत १८ वर्षांत २७४ जणांना असा उष्माघात झाला. त्यांना तिथल्या तिथे गार पाण्यात बुडवलं आणि एकही दगावला नाही. त्याच्या वाट्याच्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं उरलीत. पारा उतरायला वीस लागतात.

बिबच्या मागे लिहिलेला नंबर कुणीतरी फिरवतं.

सकाळी ११:००, अतिदक्षता विभाग

लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. फुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतंय, डायलिसिसची तयारी चालू आहे. रक्त गोठण्याची क्रिया बिघडलीय. डॉक्टर बायकोला विचारतात, "गोळ्या कोणत्या घेतल्या? किती? केव्हापासून?" ती शुक्रवारपासून एकेक आठवून सांगते. ते लिहून घेतात आणि म्हणतात, "यकृताचं आज काही सांगता येणार नाही. ते आकडे चढायला दोन दिवस लागतात."