लाल रेघ

सोमवार, ५ ऑगस्ट २०१९, नागपंचमी. पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागे टाकली आहे. या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर जाणार आहे. शाहूपुरीतल्या आमच्या घरात एवढं सोडून बाकी सगळं सगळ्यांना माहीत आहे.

सकाळी ६:४०. शाळेला सुट्टी. मुलाने मेसेज दोनदा वाचला. एकही धडा त्याने दोनदा वाचलेला नाही.

७:१५. सासऱ्यांनी दारातल्या पायऱ्या तपासल्या. पायऱ्या पाच. तिसरीवर ऑइलपेंटची लाल रेघ, २००५च्या पाण्याची. "ह्याच्या वर जात नाही." सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी एकदा ‘ढ’ ठरवलेला मुलगा पुढं कलेक्टर झाला तरी ढच. नदीलाही तोच न्याय.

८:३०. नवरा "पाणी बघून येतो" म्हणून घाटाच्या दिशेने गेला. पूर आला की निम्मं कोल्हापूर असंच बाहेर पडतं.

१०:१०. परतला. अहवाल : "गर्दी लई हाय." हातात भज्यांचा पुडा. पंचमीला तळलेलं घरात आणलं म्हणून सासूबाई पाऊण तास बोलत होत्या. पाण्यावर बोलणं झालं चार मिनिटं.

११ नंतर. राज्यसभेत अमित शहा उभे राहिले. कलम ३७०. घर टीव्हीसमोर बसलं. काश्मीरवर आमच्याकडे तीन मतं होती, पावसावर एकही नव्हतं.

१२:४५. आठवीतल्या एका विद्यार्थ्याचा फोन. "मॅडम, आमच्यात गटारीचं पाणी उलटं यायलंय." मी भूगोल शिकवते. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याला नदीत शिरायला जागा उरत नाही. तो मागं फिरतो आणि गल्ल्यांत पसरतो. म्हणजे पूर नदीकडून यायची वाट बघायची आणि तो मागच्या अंगाने येणार. पोराला पुस्तकात न सापडलेलं उत्तर गटारीत सापडलं होतं. मी घरात सांगितलं.

"मार्क किती पडतात त्याला?" सासऱ्यांनी विचारलं.

"दहात चार."

"मग?"

२:००. पुरणाची दिंडं, वर तूप. नंतर सगळे आडवे.

४:२०. न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे. सासूबाईंनी जाळीवर पाट टाकला आणि पाटावर वरवंटा ठेवला.

५:३०. राधानगरीचे दरवाजे उघडल्याची चर्चा. ते सातही दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की आपोआप उघडतात. तरी फोन कुणाला करायचा, हे सासऱ्यांना हवं होतं.

६:५०. पाणी पहिल्या पायरीला. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गावाला गेलेले, किल्ली आमच्याकडे. सामान चढवायचा क्रम सासूबाईंनी ठरवला : वर्षाची कांदा-लसूण चटणी, लोणच्याच्या बरण्या, देव. देव तिसऱ्या खेपेत का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. घटक चाचणीच्या ६२ उत्तरपत्रिका मी स्वतः नेल्या. मुलगा म्हणाला, त्या राहू देत खाली.

७:३०. फ्रीजचा विषय निघाला. "रेघ अजून दोन पायऱ्या वर आहे," सासरे म्हणाले. विषय संपला.

९:१०. दुसरी पायरी. वीज गेली. सासरे दारात खुर्ची टाकून बसले, टॉर्च रेघेवर. परीक्षागृहात बसायचे तसेच.

१०:२५. गल्लीच्या तोंडाशी हाका. कुणीतरी ओरडलं, निघा. आम्हाला नसावं, असं ठरलं.

११:३५. रेघ दिसेनाशी झाली. सासऱ्यांनी टॉर्च विझवला, पुन्हा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"त्या पेंटरनं रेघ जरा खालीच मारली होती," ते म्हणाले.

११:५०. नवऱ्याने परत फ्रीजचं विचारलं.

"सकाळी बघू."