हात चुकला की काठी? जॉयस्टिकच्या शून्याची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं उभं आयुष्य गेलं तो माणूस जॉयस्टिकवर काय बोलणार, असं दोघा-तिघांनी दारातच विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका मुलापासून सुरू होतं.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा ओझरच्या बाजूला राहतो. 1964 साली तिथे मिग विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला, त्यामुळे त्या भागातल्या पोरांना विमानाचा आवाज नवा नाही. या मुलाला वैमानिक व्हायचंय. हवाई दलाच्या निवडीत एक संगणकीय चाचणी असते. हातात काठी, पायाखाली पेडल, आणि पडद्यावरची खूण जागेवर ठेवायची. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की ते दार बंद. म्हणून त्याने सरावासाठी एक जुनी यूएसबी जॉयस्टिक घेतली, संगणकाला जोडली. आणि महिनाभराने आमच्याकडे येऊन म्हणाला, "आजोबा, माझा हातच वाकडा पडतो. विमान सारखं डावीकडे कलतं."

आम्हाला यंत्रातलं फारसं कळत नाही. पण 'चूक नेमकी कुठे आहे' हा प्रश्न आमच्या विषयाचा आहे. म्हणून आम्ही आधी या काठीचा इतिहास चाळला.

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना जुनी. अमेरिकेत एडविन लिंक या गृहस्थाने 1929 च्या सुमारास असं यंत्र उभं केलं. त्याच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. आपल्या पेटीला जसा भाता असतो तसे हवेचे भाते त्याने वापरले. काठी हलवली की भाते फुगायचे, आक्रसायचे आणि खोटं विमान कलायचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखंच खपलं. 1934 मध्ये टपाल वाहून नेताना अमेरिकी लष्कराचे अनेक वैमानिक दगावले, तेव्हा कुठे लष्कराने ती यंत्रं घेतली. तिथे काठी आणि हालचाल यांच्यात फक्त हवा होती, आकडा नव्हता.

आकडा आला तो घरगुती संगणकाबरोबर. 1981 च्या आयबीएम पीसीला जॉयस्टिक जोडायची सोय होती. काठीच्या बुडाशी पोटेन्शिओमीटर असे. हा भाग तुम्ही सगळ्यांनी हाताळलाय. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं जे गोल बटण, त्याच्या मागे तोच असतो. काठी कलली की विजेचा रोध बदलतो. संगणक काय करी? एक छोटा विद्युतसाठा भरायला किती वेळ लागतो ते मोजत बसे. रोध जास्त तर वेळ जास्त. बऱ्याच खेळांत ही मोजणी संगणकाच्या वेगावर अवलंबून होती. म्हणजे काठी तीच, पण शेजाऱ्याच्या वेगवान संगणकावर आकडा वेगळा! म्हणून प्रत्येक खेळ सुरुवातीलाच सांगे: काठी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, मध्ये सोडा. कॅलिब्रेशन नावाचा हा विधी असा गरजेतून जन्मला.

1996 मध्ये यूएसबी आलं आणि मोजणी काठीच्या पोटातल्या चिपकडे गेली. आता काठीच सांगते, 'मी 0 ते 1023 मध्ये बोलते.' मग मध्य साधारण 512. संगणकाच्या वेगाचा प्रश्न संपला. विधी मात्र उरला. काही बिघडलं की आपण आधी कॅलिब्रेशन करतो. कारण काय, तर सवय.

इथे आम्हाला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्रामगाड्या आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेने नाजूक सुया हलणार, हे उघड होतं. तेव्हा संचालक होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. ट्राम येऊ देत, मग आकड्यांतून तिचा गोंधळ वजा करू, असं करता आलं असतं. तसं केलं नाही. अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली आणि 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेतली. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते नोंदलं, जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवला, आणि मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. 1907 साली मुंबईत विजेची ट्राम धावली. तोवर सुया अलिबागेत सुरक्षित होत्या.

या गोष्टीतून आम्ही एवढंच घेतो की आधी कारण शोधावं, आकडा जुळवणं नंतर. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. काठीचा आकडा आणि आपला 'मध्य' यांच्यातला तो करार आहे. काठीच शब्द फिरवत असेल तर करार कितीदाही करा, टिकत नाही.

मग त्या मुलाबरोबर बसलो. हब काढून काठी थेट संगणकाला जोडली. दुसरं एखादं उपकरण खेळात त्याच दिशेला नेमलंय का, ते पाहिलं. कधीकधी दोघं भांडतात आणि दोष काठीला जातो. आधी जतन केलेलं कॅलिब्रेशन पुसून मूळ स्थितीत आणलं. कारण विधी करताना काठी नीट मध्ये नसली तर तो चुकीचा मध्यच संगणक जपून ठेवतो. मग काठीवरचा हात काढून नुसते आकडे बघत बसलो.

इथे तीन शक्यता असतात, बघा. आकडा एकाच चुकीच्या जागी स्थिर असेल तर मध्य सरकलाय. तिथे कॅलिब्रेशन हाच उपाय. डावीकडून सोडल्यावर एक आणि उजवीकडून सोडल्यावर दुसरा आकडा येत असेल तर स्प्रिंग ढिली किंवा सांध्यात घर्षण. तिथे मध्याभोवती थोडी 'मृत जागा' ठेवावी, म्हणजे तेवढ्या हालचालीकडे संगणक दुर्लक्ष करतो. आणि हात न लावताही आकडा उड्या मारत असेल तर आतली पट्टी झिजली आहे किंवा धूळ बसली आहे. जुन्या रेडिओची खरखर आठवा. तिथे साफ करा, नाहीतर भाग बदला.

त्याचा आकडा उड्या मारत होता. पोरगा महिनाभर रोज संध्याकाळी कॅलिब्रेशन करत होता. वर मृत जागा इतकी वाढवून ठेवली होती की बारीक हालचाल पोहोचतच नव्हती. विमान वळेना म्हणून तो काठी हिसके देऊन ओढायला शिकला. खरं नुकसान ते. झिजली होती पट्टी, आणि वाकडी सवय लागली हाताला.

आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. ज्ञान स्वतःच स्वतःला प्रमाण ठरवतं असं मीमांसक म्हणतात. प्रामाण्य बाहेरून, ज्ञानानुसार वागून पाहिल्यावर कळतं असं नैयायिक म्हणतात. वर्गात आम्ही दोन्ही बाजू शिकवल्या. काठीच्या बाबतीत मात्र आम्ही नैयायिकांकडे आहोत. यंत्र स्वतःच्या सचोटीचा दाखला स्वतः देऊ शकत नाही, आणि तरुण मुलानेही आपल्या नालायकीचा दाखला एका झिजलेल्या यंत्राकडून घेऊ नये.

काठीचा भाग बदलला. हिसक्याची सवय जायला वेळ लागतोय. त्याची चाचणी अजून व्हायची आहे; तो पास होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण आता जी चूक होईल ती त्याची स्वतःची असेल, आणि स्वतःची चूक सुधारता येते.