वाऱ्याच्या वेशीतून : पीक डिस्ट्रिक्टच्या घाटरस्त्यांची कहाणी

मंडळी, ‘घाट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खंडाळा, वरंध, आंबेनळी उभे राहतात. इंग्लंडात घाट असतात हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसतं. आपलं इंग्लंड म्हणजे मोटरवे, रिटेल पार्क आणि दिवाळीच्या कार्यक्रमासाठी भाड्यानं घेतलेला शाळेचा हॉल! मी गेली अनेक वर्षं मँचेस्टरला राहतो आणि रविवारी सकाळी सायकल घेऊन पूर्वेकडच्या डोंगरात जातो. “अहो, घाटच चढायचे होते तर सातारा काय वाईट होतं?” असं आमच्या घरून दर रविवारी ऐकू येतं. त्याचं उत्तर म्हणून या रस्त्यांचा इतिहास आज तुमच्यापुढे मांडतो.

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखानदार शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट पसरलं आहे. १९५१ साली जाहीर झालेलं हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. इथला सर्वांत उंच माथा किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर. १६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे हे म्हणजे टेकाडच. पण सायकलवाल्याला डोंगराच्या उंचीशी काही देणंघेणं नसतं, त्याचा संबंध चढाशी. आणि इथले चढ भल्याभल्यांना घाम फोडतात.

ते इतके उभे का, याचं उत्तर इतिहासात आहे. चाकांची वाहतूक वाढण्यापूर्वी या डोंगरातून मालवाहू तट्टांचे तांडे जात. त्यांना हाकणाऱ्यांना जॅगर म्हणत. चेशरचं मीठ, लोकर, धान्य असा माल तट्टांच्या पाठीवर लादलेला असे. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर घालून घाटमाथ्यावर आणणारे आपले लमाण आठवा, तसाच हा प्रकार. तट्टाला वळणं नकोत, ते सरळ चढतं. त्या काळचे अरुंद दगडी पूल आजही दिसतात. त्यांचे कठडे मुद्दाम बुटके ठेवलेले, कारण उंच कठड्याला पाठीवरच्या गोणी घासल्या असत्या. अशा तट्टांच्या वाटांवरच पुढे काही रस्ते झाले, आणि चढ मात्र तसेच राहिले.

कासलटन गावाजवळची विनॅट्स खिंड हा त्याचा नमुना. हे नाव ‘विंड गेट्स’ वरून आलं असं सांगतात, म्हणजे वाऱ्याची वेस! दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मधून रस्ता, आणि काही ठिकाणी पाच मीटर पुढे गेलं की एक मीटरहून जास्त वर चढावं लागतं. अठराव्या शतकात इथून टोलचा रस्ता गेला. हो, टोलनाके ही काही मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची देणगी नव्हे! इंग्लंडात पार्लमेंटच्या कायद्यानं विश्वस्त मंडळं नेमली जात, ती टोल घेत आणि त्यातून रस्ता राखत.

गाड्यांना विनॅट्सचा चढ झेपेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या कुशीतून सौम्य चढाचा नवा रस्ता काढला. पण मॅम टॉरला ‘थरथरणारा डोंगर’ म्हणतात ते उगाच नाही. त्याची ती बाजू हजारो वर्षं घसरते आहे. पुन्हा पुन्हा डागडुजी करून अखेर १९७९ साली हा रस्ता वाहतुकीला कायमचा बंद झाला. डांबराचे थर पायऱ्यांसारखे खचलेले आजही बघायला मिळतात. आणि गंमत म्हणजे, ज्या विनॅट्सला पर्याय म्हणून हा रस्ता बांधला, त्याच विनॅट्समधून आज मोटारी जातात.

दुसरा प्रसिद्ध घाट म्हणजे स्नेक पास. शेफील्ड ते ग्लॉसॉप हा टोलचा रस्ता १८२१ साली सुरू झाला. माथा ५१२ मीटरवर. नाव ऐकून नागमोडी वळणांमुळे ‘स्नेक’ म्हणत असतील असं वाटतं, पण तो नाग आहे डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्याच्या मानचिन्हावरचा. वाटेवरच्या खानावळीला त्यावरून नाव मिळालं आणि खानावळीवरून रस्त्याला.

मग आगगाडी आली. प्रवासी आणि माल तिच्याकडे वळले, टोलचं उत्पन्न आटलं, विश्वस्त मंडळं बुडाली आणि रस्ते ओस पडले. या ओस रस्त्यांना पुन्हा जाग आणली ती सायकलनं.

१८७८ साली हॅरोगेटला बायसिकल टूरिंग क्लब स्थापन झाला. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक. उतारावर तोल गेला तर स्वार डोक्यावरच पडायचा. म्हणून सायकलसंस्थांनी स्वखर्चानं अवघड उतारांवर धोक्याचे फलक उभारले. मोटारवाल्यांसाठी आज जे फलक दिसतात, त्यांचे हे पूर्वज. १८८६ पासून चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ सुरू झाली तीही सायकलवाल्यांच्याच पुढाकारानं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यातल्या स्वप्नांत जाऊन बसली.

त्याच १८८८ सालच्या एका कायद्यानं सायकल हे ‘वाहन’ ठरलं. वाक्य एवढंसं, पण परिणाम मोठा. रस्त्यावरचा सायकलस्वाराचा हक्क पक्का झाला. मोबदल्यात रात्री दिवा लावायचा आणि कुणाला ओलांडताना घंटी वाजवायची. दिवा नाही म्हणून नाक्यावरच्या हवालदारानं चाकातली हवा सोडल्याच्या आठवणी आपल्या ज्येष्ठ सभासदांपाशी असतीलच!

आता या कहाणीतला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग. मँचेस्टरच्या परिसरात तेव्हा कापडगिरण्यांचं राज्य होतं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिथला कापूस येईनासा झाला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस उचलला आणि वऱ्हाड-खानदेशात कापसाचे भाव कडाडले. त्या गिरण्यांत आठवडाभर धूर आणि तंतू गिळणाऱ्या कामगारांच्या पुढच्या पिढ्यांनी शनिवारची अर्धी सुटी आणि जुनी सायकल हाताशी येताच डोंगर गाठला. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ साली बर्मिंगहॅमला क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. पुढच्याच वर्षी, १८९५ च्या ईस्टरला, ठिकठिकाणचे क्लॅरियनवाले डर्बीशरच्या ॲशबोर्न गावी जमले आणि राष्ट्रीय क्लब उभा राहिला. यात बायकाही होत्या.

रस्ता मोकळा होता, पण रस्त्यापलीकडचा डोंगर नव्हता. माळरानं जमीनदारांची, तित्तिरांच्या शिकारीसाठी राखलेली. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डहून निघालेले सुमारे चारशे तरुण बंदी मोडून किंडर स्काउटवर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा मँचेस्टरचा कामगार. पोलीस त्याला रेल्वे स्टेशनवर अडवणार होते, म्हणून हा पठ्ठ्या हेफील्डला सायकलवरून पोचला! त्याला चार महिन्यांची कैद झाली. पण १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आणि २००० साली मिळालेला मोकळ्या माळांवर फिरण्याचा हक्क, यांच्या मुळाशी जी लोकचळवळ आहे, तिच्यात त्या दिवसाला मोठा मान आहे. १९६८ च्या कायद्यानं सायकलला घोडेवाटाही खुल्या झाल्या. जॅगरांच्या काही वाटांवर अशी पुन्हा चाकं आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र मोटार घरोघर आली आणि सायकल मागे पडली. शेजारच्या नॉटिंगहॅमची रॅले म्हणजे आपल्या आजोबांची जिवापाड जपलेली सायकल. २००२ मध्ये तिथलं उत्पादनही थांबलं. पण २०१४ च्या जुलैत टूर द फ्रान्सची सुरुवातच यॉर्कशरमध्ये झाली. यॉर्क ते शेफील्ड या दुसऱ्या टप्प्यात स्पर्धक ५२४ मीटर उंचीचा होम मॉस चढले, तेव्हा एरवी मेंढ्यांशिवाय कुणी नसणाऱ्या त्या माथ्यावर जत्रा लोटली होती.

आता थोडं आपल्याविषयी. २०१९ मध्ये सरकारसाठी तयार झालेल्या ग्लोव्हर अहवालानं स्पष्ट म्हटलं की राष्ट्रीय उद्यानं सर्वांची असली तरी आपल्यासारख्या स्थलांतरित समाजातले लोक तिथे कमी जातात. मला ते वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. माझ्या रविवारच्या फेऱ्यांत कासलटनच्या चहाच्या दुकानात मराठी कानावर पडल्याचा प्रसंग विरळाच. आपण मुलांना रायगड दाखवायला सुटीत आवर्जून नेतो, ते योग्यच आहे. पण ज्या मातीत ती वाढताहेत तिथले डोंगर त्यांना परके राहिले, तर ‘हा देश माझाही आहे’ हे ती कशाच्या बळावर म्हणणार? परीक्षेपुरतं पाठ केलेल्या राजांच्या सनावळीच्या बळावर तर नक्कीच नाही. या रस्त्यांवरचा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही. गिरणीकामगारांनी आणि त्यांच्या पोरींनी तो पायडल मारून मिळवला आणि सर्वांसाठी ठेवून दिला. त्या ‘सर्वां’त आपणही आहोत.

विनॅट्सपासून सुरुवात करा असं मी म्हणणार नाही, सूनबाई आणि सासूबाई दोघींची बोलणी मला खायची नाहीत! बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर इथे उत्तम सायकलवाटा आहेत. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे आपल्यालाही सोसावा लागत नाही. ॲशबोर्नपासून पार्सली हेपर्यंतची १३ मैलांची टिसिंग्टन ट्रेल १९७१ सालची. बेकवेलजवळची साडेआठ मैलांची मॉन्सल ट्रेल १९६८ साली बंद झालेल्या रेल्वेवर आहे आणि २०११ पासून तिचे बोगदेही खुले झाले आहेत. सायकली भाड्यानं मिळतात, लहानग्यांसाठी मागे जोडायच्या गाड्याही. डबा मात्र घरून न्या. दगडी बांधावर बसून खाल्लेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी इंग्लंडच्या वाऱ्यात फारच चविष्ट लागते. पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची एक सहल तिकडे काढावी असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. नावं लवकर द्या, आणि घंटी वाजवायला विसरू नका.