बंगला: झोपडीतून सुट्टीच्या घराकडे

हल्ली घर बांधायला काढणारे कुटुंब आर्किटेक्टकडे जाते तेव्हा एक मागणी बहुधा असतेच: घर असे हवे की संध्याकाळी परतल्यावर सुट्टीला आल्यासारखे वाटले पाहिजे. मग आराखड्यात रुंद व्हरांडा येतो, उतरते छप्पर येते, वेताच्या खुर्च्या मांडायला जागा येते. या साऱ्याला आपण ‘बंगला’ म्हणतो. हा शब्द बंगालमधून इंग्लंडात गेला, तिथून अमेरिकेत पोचला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलत गेला. घराने विसावा द्यावा म्हणजे नेमके काय करावे, याचे उत्तर त्या प्रवासात बरेचसे सापडते.

मूळचा बंगला म्हणजे बंगालमधल्या शेतकऱ्याची झोपडी. बांबूचा सांगाडा, कुडाच्या भिंती, वर गवताचे जाड छप्पर. छपराचा कणा मधे उंच आणि दोन्ही टोकांना खाली वाकलेला असे. बांबू वाकवता येतो आणि अशा छपरावरून धो धो पाऊस चटकन ओघळून जातो. हा आकार इतका देखणा ठरला की शाहजहानच्या काळात आग्र्याच्या आणि लाहोरच्या किल्ल्यांत तो संगमरवरात उतरला. विष्णुपूरचे १६५५ मधील ‘जोड बांगला’ मंदिर तर दोन झोपड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात तसे दिसते. (संगमरवराला वाकायचे काहीच कारण नव्हते, पण रूप एकदा मनात बसले की कारण मागे राहते. हे पुढेही घडणार आहे.)

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्ट्रेनशॅम मास्टर याच्या रोजनिशीत १६७६ साली हा शब्द भेटतो. कंपनीच्या गलबतांवरील इंग्रज माणसांसाठी ‘बंगले किंवा खोपटी’ उभारावीत, अशी ती नोंद आहे. तेव्हा बंगला आणि खोपट यांत फारसा फरक नव्हता!

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या खोपटाचा साहेबाचा बंगला झाला. उंच जोते, मधे उंच छताची खोली, वरच्या बाजूला गरम हवा बाहेर पडण्यासाठी झरोके आणि चारी बाजूंनी व्हरांडा. यातला व्हरांडा हा खरा शास्त्रीय भाग आहे. भिंतीवर ऊन पडले की भिंत दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री ती खोलीत सोडते. व्हरांड्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. आलेली उष्णता बाहेर घालवण्यापेक्षा ती येऊच न देणे केव्हाही सोपे.

दुसरा उपाय वाळ्याच्या पडद्यांचा. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती पडद्यातून येणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम चालते. मुंबईच्या दमट हवेत पाणी फारसे उडतच नाही, त्यामुळे पडदा नुसता ओला राहतो. पण पडद्यावर सतत पाणी मारायला माणूस लागे. छताच्या पंख्याची दोरी ओढायला दुसरा माणूस लागे, तोही रात्रभर. बंगल्यातल्या विसाव्याचा इतिहास सांगताना व्हरांड्यात बसून दोरी ओढणाऱ्या या माणसाला बहुतेक वर्णनांत जागा मिळत नाही. आमच्या मते त्याला वगळून बंगल्याचे भौतिकशास्त्र पुरे होत नाही, कारण ती हवा हलवणारी ऊर्जा त्याच्या हातातली होती.

तरीही मैदानातला उन्हाळा साहेबाला सोसवेना. जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसू लागले. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानवर चढला. हवेचे तापमान उंचीबरोबर दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीच्या मानाने ८-९ अंशांचा फरक पडतो. आता बंगला ही कामाची जागा उरली नाही. बायकामुलांना घेऊन काही आठवडे राहायचे, ऑफिसची आठवण काढायची नाही, अशी ती जागा झाली. राहते घर आणि विसाव्याचे घर वेगळे असते, ही कल्पना इथे पक्की झाली.

तीच कल्पना मग इंग्लंडला गेली. केंट परगण्याच्या किनाऱ्यावर वेस्टगेट आणि बर्चिंग्टन या गावी जॉन टेलर या वास्तुविशारदाने १८७० च्या आगेमागे एकमजली, व्हरांड्याची घरे बांधली आणि त्यांना ‘बंगलो’ हेच नाव दिले. वेस्टगेटच्या बंगल्याचा एक पहिला गिऱ्हाईक होता इरॅस्मस विल्सन, नामांकित त्वचारोगतज्ज्ञ. चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी प्रकृती सुधारावी म्हणून बर्चिंग्टनच्या बंगल्यात येऊन राहिला आणि एप्रिल १८८२ मध्ये तिथेच वारला.

डॉक्टर मंडळी समुद्रकाठी धाडत, त्यामागे एक समजूत होती. शोनबाइनने १८४० साली ओझोन वायूला नाव दिले आणि लवकरच समुद्राची हवा ओझोनमुळे आरोग्यदायी असते असे सगळीकडे बोलले जाऊ लागले. आज आपण जाणतो की श्वासातून जाणारा ओझोन फुफ्फुसांना अपाय करतो. समुद्रकाठच्या वासाला मुख्यतः डायमिथिल सल्फाइड कारणीभूत आहे. समुद्रातील शैवाले आणि जीवाणू यांच्यामुळे ते तयार होते. समजूत चुकीची असली तरी धुराने काळवंडलेल्या लंडनमधून बाहेर पडल्याचा फायदा रोग्याला होतच असणार.

व्हरांड्याचे मात्र केंटमध्ये काय झाले? इथे थोडे गणित करू. नववी-दहावीच्या वर्गात ते सहज करता येईल. व्हरांड्याचे छप्पर २.४ मीटर उंच आणि तेवढेच पुढे आलेले धरा. पुण्याचे अक्षांश १८.५ अंश. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. ४८ अंशांचे टॅन्जंट १.११, म्हणजे दक्षिणेकडील भिंतीवर सावली २.६६ मीटर खाली उतरते. पूर्ण भिंत सावलीत. अगदी हिवाळ्यातसुद्धा! केंटचे अक्षांश ५१.४ अंश, त्या दिवशी सूर्य जेमतेम १५ अंशांवर. सावली फक्त ६४ सेंटिमीटर. म्हणजे ऊन आत येईल, पण ऊन असेल तर. तिथल्या हिवाळ्यात आभाळ पुष्कळदा ढगांनी भरलेले असते, उजेड येतो तो सगळ्या आकाशातून, विशेषतः वरच्या भागातून, आणि नेमका तोच भाग छप्पर झाकते. आग्र्याच्या संगमरवरासारखेच हे. उन्हासाठी घडलेली वस्तू ढगांच्या देशात केवळ रूप म्हणून गेली.

कॅलिफोर्नियात हवा पुन्हा अनुकूल मिळाली. पासाडीना येथे चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या बंधूंनी १९०८ साली गॅम्बल कुटुंबासाठी घर बांधले. साबणाच्या धंद्यातले हे कुटुंब सिनसिनाटीचे. थंडीत राहायला म्हणून त्यांना हे घर हवे होते. पुढे आलेली लांब वळचण, समोरासमोर खिडक्या आणि वरच्या मजल्यावर झोपण्यासाठी उघडे सज्जे, अशी त्याची रचना आहे. १८८२ साली कॉखने क्षयाचा जंतू दाखवला होता, पण औषध हाती नव्हते. मोकळ्या हवेत झोपणे हाच उपाय सांगितला जाई. त्याच सुमारास साध्या कुटुंबांना परवडणारे छोटे बंगलेही अमेरिकेत गावोगाव उभे राहू लागले. सिअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून घराचे सुटे भाग १९०८ पासून मागवता येत. सुट्टीचे घर आता बाराही महिन्यांचे झाले. नंतर, १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, पाठोपाठ घरोघर वातानुकूलन यंत्रे आली आणि झोपायच्या सज्जांना काचा लागल्या.

आपल्याकडे वेगळा शब्द शोधायची गरज नव्हती. कोकणातल्या घराची पडवी आणि देशावरची ओसरी हेच काम कित्येक पिढ्या करत आली आहे, पंखा ओढणाऱ्या माणसाशिवाय. शहरात मात्र ताबा मिळताच गॅलरीला सरकत्या काचा लावून ती खोलीत घेण्याची घाई असते. मग ती काच दुपारभर तापते, आणि ते तापणे निस्तरायला यंत्र घ्यावे लागते. त्याचे बिल भरूनच कुटुंब मे महिन्यात माथेरानच्या व्हरांड्यात बसायला जाते.

जिल्हा परिषदेच्या बहुतेक जुन्या शाळांना व्हरांडा आहे. शिक्षकांनी मार्चअखेर, परीक्षेच्या धामधुमीआधी, तीन तापमापक घ्यावेत. एक व्हरांड्याच्या बाजूच्या भिंतीला आतून टेकवून, दुसरा उघड्या पश्चिम भिंतीला आतून टेकवून आणि तिसरा बाहेर सावलीत ठेवावा. सकाळी ८, दुपारी ३ आणि जमल्यास रात्री ८ वाजता नोंदी घ्याव्यात. रात्रीची नोंद चुकवू नये. पश्चिम भिंतीने दिवसभर काय साठवले ते तेव्हाच दिसते.