फायलींची आवराआवर : सॉफ्टवेअरवर किती विसंबावे?

घरातल्या माळ्यावर जसे ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून सामान साठत जाते, तसेच संगणकाच्या हार्ड डिस्कवरही होते. एकच वीजबिल दोनदा उतरवून घेतलेले असते, सहलीची छायाचित्रे तीन फोल्डरांत विखुरलेली असतात आणि ‘डाउनलोड्स’मध्ये वर्षानुवर्षांचा पसारा असतो. हा पसारा आपोआप आवरणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. काही तर संगणकासोबतच मिळतात. मात्र ‘आवरणे’ या एका शब्दात तीन निरनिराळी कामे दडलेली आहेत : फायली वर्गवार लावणे, जादा प्रती शोधणे आणि नको ते पुसून टाकणे. यांतले कोणते काम सॉफ्टवेअरवर निर्धास्तपणे सोपवावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

वर्गवारी

हे काम सर्वांत निर्धोक. मॅक संगणकासाठी ‘हेझल’ आणि विंडोजसाठी ‘ड्रॉपइट’ ही सॉफ्टवेअर आपण ठरवून दिलेल्या नियमांनुसार चालतात. नावात ‘बिल’ असलेली पीडीएफ फाइल ‘घरखर्च’ फोल्डरमध्ये हलवावी, असा नियम एकदा घालून दिला की पुढचे काम आपोआप होते. नावाच्या आरंभी ‘२०२४-०३-१५’ अशी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घातली, तर नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच राहतो. नियम चुकला तरी फाइल नष्ट होत नाही, केवळ तिची जागा बदलते.

मराठी वापरकर्त्यांना येथे एक अडचण येते. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हेच असतात. त्यामुळे अशा फायलींतला मराठी शब्द सॉफ्टवेअरला सापडत नाही. त्यांच्यासाठी नियम मजकुरावर न बेतता नावावर आणि तारखेवर बेतावेत.

जादा प्रती

‘ड्यूपगुरू’सारखी सॉफ्टवेअर केवळ नाव पाहत नाहीत. आधी फायलींचा आकार जुळतो का हे तपासले जाते. जुळल्यास आतील मजकुरावरून गणिताने एक ‘ठसा’ काढला जातो. ठसे सारखे आले की फायली तंतोतंत एक आहेत असे समजावे. मात्र व्हॉट्सअॅपवरून आलेले छायाचित्र बहुधा आक्रसलेले असते, त्यामुळे त्याचा ठसा मूळ छायाचित्राशी जुळत नाही. ‘सारखी दिसणारी’ छायाचित्रे शोधण्याची सोय असते, पण त्यांतले कोणते ठेवायचे हे आपणच डोळ्यांनी पाहून ठरवावे. विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या फोल्डरांत असा शोध घेऊच नये. तिथल्या सारख्या फायली बहुधा आपापल्या जागी आवश्यक असतात.

पुसून टाकणे

खरा धोका येथे आहे. विंडोज ९८ पासून ‘डिस्क क्लीनअप’ची सोय मिळू लागली आणि २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये ‘स्टोरेज सेन्स’ आले. तात्पुरत्या फायली पुसण्यास ते उत्तम आहे. ‘डाउनलोड्स’मधील ठरावीक दिवस न उघडलेल्या फायली पुसण्याचा पर्यायही त्यात आहे, मात्र तो आपण निवडावा लागतो. तो न निवडणेच श्रेयस्कर. उतरवून घेतलेला सातबारा वर्षभर कोणी उघडत नाही. म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

खुद्द मायक्रोसॉफ्टलाही या कामात ठेच लागली आहे. आधीच्या आवृत्तीत काही संगणकांवर ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ अशा फोल्डरांच्या रिकाम्या जादा प्रती दिसत. त्या काढून टाकण्याची आज्ञा २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीत होती. परंतु ज्यांनी हे फोल्डर दुसरीकडे वळवले होते आणि जुन्या जागी काही फायली तशाच ठेवल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर आतल्या फायलींसह पुसले गेले. अशा तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच असल्याचे कंपनीने सांगितले. तरीही काही दिवसांतच वितरण थांबवावे लागले. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. ज्याची छायाचित्रे गेली, त्याला हे प्रमाण ऐकून काय समाधान मिळणार?

बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा धोका वेगळाच. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता. सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांकडे ती आवृत्ती पोहोचली. संगणकासोबत मिळणाऱ्या सोयींनी काम भागत असेल, तर इतर काही न घेणेच बरे.

घ्यावयाची काळजी

आवराआवर करण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरातली फाइल पुसली, तर ती सर्व उपकरणांवरून जाते. गुगल ड्राइव्हच्या ‘ट्रॅश’मध्ये ती ३० दिवसच राहते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल तर सहसा ‘रिसायकल बिन’मध्ये जातच नाही. म्हणून सॉफ्टवेअरला पुसण्याऐवजी ‘तपासणीसाठी’ अशा फोल्डरमध्ये फायली हलवण्याचा नियम द्यावा आणि महिन्यातून एकदा तो फोल्डर स्वतः पाहावा.

फाइलीचे नाव, आकार, तारीख आणि ठसा सॉफ्टवेअरला कळतो. तिचे मोल कळत नाही. म्हणून हलवण्याचे काम त्याला द्यावे आणि पुसण्याचा निर्णय आपल्याकडे राखावा.