देवघेवीचा इतिहास

वाचनालयाच्या दारात, बहुधा चपला काढायच्या जागेच्या वरच, नियमांची एक पाटी टांगलेली असते. एका वेळी किती पुस्तके मिळतील, किती दिवसांत परत करावीत, उशीर झाल्यास दंड किती आणि अनामत केव्हा परत मिळेल, हे सारे तिच्यावर असते. या पाटीइतके दुर्लक्षित मराठी लेखन दुसरे नसेल. सभासद ती वाचत नाहीत, ग्रंथपाल वाचून दाखवीत नाहीत, आणि दंड भरायची वेळ आली की दोघांचा वाद मात्र तिच्याच आधारे होतो.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला ही पाटी जुन्या दानलेखासारखी वाटत आली आहे. दान कोणी दिले, कोणाला दिले आणि ते मोडणाऱ्याचे काय होईल, एवढे दानलेखात थोडक्यात सांगितलेले असते. वाचनालयाच्या पाटीतही तेच असते. फक्त शापाच्या जागी दंड आलेला आहे. या पाटीवरच्या चार ओळी तिथवर कशा आल्या, हे पाहू लागलो की गेल्या दोनशे वर्षांचा आपल्या समाजाचा बराचसा इतिहास हाती लागतो.

ओळखदेख नसलेल्या माणसाला पुस्तक घरी नेऊ द्यावे, ही कल्पना मुळीच जुनी नाही. हस्तलिखिताच्या काळात एक पोथी उतरवायला महिनेच्या महिने लागत. म्हणून ती रुमालात बांधून, फळ्यांमध्ये आवळून ठेवीत. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि अडाण्याच्या हातात पडण्यापासून मला वाचवा, अशी विनवणी पोथीच्याच तोंडी घालून लेखनिक शेवटच्या पानावर लिहून ठेवीत असत. आपल्याकडील ग्रंथालयाचा जुना नियम म्हणायचा तर तो हाच. युरोपातही वेगळे नव्हते. तेथे मठांतून आणि चर्चमधून ग्रंथ साखळीने कपाटाला जखडत. इंग्लंडमध्ये हेरफर्ड येथे असे साखळदंडातले ग्रंथालय आजही पाहायला मिळते. ज्ञान दुर्मिळ होते तोवर त्याचा पहारेकरी महत्त्वाचा होता, वाचक नव्हे.

छापखाना आला आणि हे चित्र बदलू लागले. आपल्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागून एक वाचनालये निघाली. रत्नागिरीचे १८२८ मधले, नाशिकचे १८४० मधले, पुण्याचे आणि बेळगावचे १८४८ मधले, कोल्हापूरचे १८५० मधले. पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत लोकहितवादींचा पुढाकार होता. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली पणजीला १८३२ मध्येच सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले होते. त्या काळच्या 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावातच त्यांची जातकुळी दिसते. ही ग्रंथालये सरकारी अधिकारी, संस्थानिक, वकील, शिक्षक आणि व्यापारी यांच्या देणग्यांवर व वर्गणीवर चालत. जो वर्गणी भरी त्याला पुस्तक घरी नेता येई. जो भरू शकत नसे त्याने फार तर बाकावर बसून वर्तमानपत्र चाळावे. वर्गणीच्या प्रतीप्रमाणे वाचकांचेही वर्ग पडत. 'अ' वर्गाच्या सभासदाला जास्त पुस्तके आणि नवी पुस्तके मिळत, खालच्या वर्गाला उरलेली.

आज हे ऐकून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु त्या काळी पुस्तके महाग होती, वाचणारे थोडे होते आणि सरकारकडून नियमित पैसा मिळत नव्हता. गावातल्या पाचपन्नास माणसांनी खिशात हात घालून सर्वांसाठी कपाट उभे करावे, हीच मोठी गोष्ट होती. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय असो की कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर, ही वाचनालये पावणेदोनशे वर्षे टिकली, ती या वर्गणीदारांमुळेच. वर्गणीने ग्रंथालय जगवले, पण दार अर्धेच उघडे ठेवले.

ते दार पूर्ण उघडण्याचा मोठा प्रयोग झाला तो बडोद्यात. आणि तो करणारा राजा मूळचा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा मराठी मुलगा होता. सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक गेले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. मग अडचण वेगळीच उभी राहिली. शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती वाचायला काही पडत नसे आणि चारपाच वर्षांत कमावलेली अक्षरओळख विरून जाई. शाळेवरचा खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल तर शाळेपाठोपाठ ग्रंथालय हवे, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिकडची मोफत ग्रंथालये पाहिली होती. तेथील विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास बोलावून घेतले. बोर्डन १९१३ पर्यंत राहिले. तेवढ्या अवधीत स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे राहिले, ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग १९११ मध्ये निघाला आणि राजवाड्यातील महाराजांच्या खासगी संग्रहाची सुमारे वीस हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयात येऊन लोकांसाठी खुली झाली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग झाले. राजाचे पुस्तक रयतेच्या घरी जाऊ लागले, आणि तेही वर्गणीशिवाय.

पण खरी गंमत खेड्यापाड्यांतल्या व्यवस्थेत आहे. बडोद्याने खेड्यांना ग्रंथालये आयती दिली नाहीत. गावाने एक हिस्सा जमवायचा, तेवढाच हिस्सा प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. गावाचा रुपया असा तिप्पट होई. मात्र गावाने पहिला रुपया काढलाच पाहिजे, ही अट होती. अनेक गावांत शाळामास्तरच ग्रंथपाल असे. जेथे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते तेथे फिरती ग्रंथालये जात. म्हणजे काय, तर कुलूप लावलेली लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस निवडक पुस्तके. पेटीच्या वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावातल्या कोणी जबाबदार माणसाने ती ताब्यात घ्यायची, लोकांना पुस्तके द्यायची आणि मुदत संपली की पेटी परत पाठवून दुसरी मागवायची. ज्याने कधी बडोदे शहर पाहिले नाही अशा शेतकऱ्यावर संस्थानाने टाकलेला हा विश्वास होता. पेटीला कुलूप होते, पण किल्ली गावाकडे होती.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बडोद्याचे राजघराणे मराठी आणि बहुसंख्य रयत गुजराती. तरी ग्रंथालय खात्याने एका भाषेसाठी दुसरीला बाहेर ठेवले नाही. खात्याचे त्रैमासिक १९१२ मध्ये सुरू झाले, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी असे दोन्ही विभाग होते. खेड्यांतले काम वाढले ते गुजराती वाचकांसाठी, आणि मोतीभाई अमीन यांच्यासारख्या गुजराती कार्यकर्त्यांनीच ते वाढवले. मराठी राजाने आपल्या रयतेची भाषा ओळखून तिच्यासाठी कपाटे भरली. भाषेचा अभिमान आणि दुसऱ्या भाषेचा मान एकाच छपराखाली राहू शकतात, याचा एवढा चांगला दाखला आपल्या इतिहासात फार सापडत नाही.

आता पाटीवरच्या नियमांकडे वळू. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत, जपून ठेवण्यासाठी नव्हेत, हा विचार डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पाच सूत्रांतून शास्त्र म्हणून मांडला. देवघेवीचे नियम याच कसोटीवर घासून पाहावेत. आपल्याकडे अनेक ग्रंथालयांत चालत आलेली कार्डांची पद्धत नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावाने ओळखली जाते. वाचकाकडे जेवढी पुस्तके न्यायची मुभा तेवढ्या खिशासारख्या चिठ्ठ्या. पुस्तक नेताना त्यातले कार्ड आपल्या चिठ्ठीत सरकवायचे आणि ती जोडी मुदतीच्या तारखेखाली ट्रेमध्ये लावायची. चिठ्ठी संपली की पुस्तक नाही. आता पुष्कळ ठिकाणी हेच काम संगणक करतो, पण तत्त्व तेच आहे: पुस्तक कोणाकडे आहे आणि केव्हा यायचे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे क्षणात मिळाली पाहिजेत.

मुदत कशासाठी, याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवतो. एक पुस्तक चौदा दिवसांच्या मुदतीने फिरले तर वर्षात सव्वीस जणांच्या हाती जाते. प्रत्येकाने ते महिनाभर ठेवले तर बारा जणांच्या. म्हणजे उशीर करणाऱ्यांनी मिळून चौदा वाचकांची पाळी खाल्ली. दंड ग्रंथालयाच्या कमाईसाठी नसतो. तो या चौदा जणांच्या वतीने घेतला जातो. शब्दकोश आणि विश्वकोश घरी का देत नाहीत, याचेही उत्तर याच जातीचे आहे. कोश कोणी सलग वाचीत नाही. दोन मिनिटांसाठी तो दहा जणांना लागतो, म्हणून त्याने जागेवरच असावे. अनामतीचे म्हणाल तर ती वर्गणी नव्हे. सभासदत्व सोडताना ती परत मागण्याचा आपला हक्क असतो, म्हणून तिची पावती जपून ठेवावी. आणि हवे ते पुस्तक बाहेर गेलेले असेल तर आपले नाव नोंदवून ठेवता येते, ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते.

शेवटचा प्रश्न पैशाचा, आणि येथे सीमेचा संबंध येतो. ग्रंथालयांसाठी कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान १९४५ मध्ये देशात पुढे होते. पुढे मद्रासचा कायदा १९४८ चा, हैदराबादचा १९५५ चा. त्या वेळी म्हैसूर म्हटल्या जाणाऱ्या कर्नाटकाने १९६५ मध्ये, महाराष्ट्राने १९६७ मध्ये, गोव्याने १९९३ मध्ये आणि गुजरातने २००१ मध्ये कायदे केले. शेजारी राज्ये असूनही त्यांनी वाटा मात्र निरनिराळ्या धरल्या. महाराष्ट्राने जुन्या वर्गणीच्या वाचनालयांनाच मान्यता देऊन अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान द्यायचे ठरवले. कर्नाटकाने सरकारी ग्रंथालयांचे जाळे विणले आणि त्यासाठी घरपट्टीसारख्या स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसवला. गोव्याने तर हा उपकर मद्यावर लावला! कर्नाटकातल्या सीमाभागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपण घरपट्टी भरतो तेव्हा ग्रंथालयाचाही पैसा भरलेला असतो. सरकारी ग्रंथालयात जाऊन सभासद होणे, तेथे मराठी पुस्तकांची लेखी मागणी नोंदवणे, यात उपकार मागण्यासारखे काही नाही. आणि त्याच कपाटातली कन्नड पुस्तकेही आपलीच आहेत.

मात्र मागणी नोंदवून काम संपत नाही. माझ्या शाळेत दरवर्षी नवी पुस्तके घेण्याआधी मी देवघेवीची नोंदवही उघडतो. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले, हे पाहूनच खरेदीची यादी होते. वर्षानुवर्षे तारखेचा शिक्का न बसलेले पुस्तक आधी वरच्या फळीवर, मग पोत्यात आणि शेवटी बाद यादीत जाते. कोणत्याही ग्रंथपालाला असेच करावे लागते, मग त्याची मातृभाषा कोणतीही असो. आपण सभांतून मराठीविषयी पुष्कळ बोलतो, ठराव करतो, आणि त्याच गावातल्या मराठी पुस्तकांच्या तारीखपट्ट्या कोऱ्या असतात. शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक आपल्या भागात मराठी वाचणारे किती होते हे शोधायला आला, तर त्याला आपली भाषणे सापडणार नाहीत, देवघेवीच्या नोंदवह्या सापडतील.

म्हणून या दिवाळीच्या सुटीत एवढे करावे. गावात जुने वर्गणीचे वाचनालय असेल तर तेथे आणि जवळच्या सरकारी ग्रंथालयात, दोन्हीकडे घरातल्या एकाचे तरी नाव घालावे. मुलांची चिठ्ठी वेगळी काढावी. स्वतःच्या नावावर आणलेले पुस्तक मूल अधिक जपते. आणलेले पुस्तक वाचावे, खुणा न करता वाचावे, आणि मुदतीच्या आत परत करावे. त्या पुस्तकासाठी नाव नोंदवून बसलेला कोणी तरी आपल्याच गावात असतो.